रात्री दोनची रुग्णवाहिका

मांजरीची जुनी ओळख मळ्यांची. मुळा-मुठेच्या काठचा ऊस, पालेभाज्या, पुणे बाजार समितीचा उपबाजार, वसंतदादा साखर संस्था, १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, आणि अलीकडे जगभर नाव पोहोचलेला लसींचा कारखाना. २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून उसाच्या फडांच्या जागी बहुमजली गृहसंकुले उभी राहू लागली होती. भवानी पेठ, नाना पेठेतील वाड्यांतून, दौंड-शिरूरकडील बाजारपेठांतून व्यापारी कुटुंबे या बाजूला राहावयास आली. पेढी जुन्या जागी राहिली, बिऱ्हाड मांजरीला आले, आणि बिऱ्हाडाबरोबर घरातील वृद्धही आले.

अशा संकुलांच्या फाटकातून रात्री दोन-अडीचच्या सुमारास रुग्णवाहिका आत शिरते, तेव्हा पुष्कळदा ती नव्या रुग्णासाठी आलेली नसते. आठ-दहा दिवसांपूर्वीच ज्यांना रुग्णालयातून घरी आणले, त्यांनाच पुन्हा न्यावयाचे असते. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही म्हणून खुर्चीत बसवून खाली उतरवावे लागते. डॉक्टरांनी निरोप देताना सांगितलेले असते, ‘आता रुग्णालयात ठेवून उपयोग नाही; घरी न्या, सेवा करा.’ सेवा करण्याची तयारी घरात सर्वांची असते. सेवा करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले नसते.

आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत असे घर ते रुग्णालय, रुग्णालय ते घर फेरे का पडतात, आणि त्यांतले किती टाळता येण्यासारखे असतात, हा प्रश्न आरोग्यशास्त्राइतकाच गृहव्यवस्थेचाही आहे. अमेरिकेत सरकारी विमायोजनेने १९८० च्या दशकाच्या आरंभीच घरच्या घरी होणाऱ्या हॉस्पिस सेवेचा खर्च उचलण्यास सुरुवात केली. तेथे सेवा देणाऱ्या संस्थेला रात्रंदिवस परिचारिका उपलब्ध ठेवावीच लागते, असा नियम आहे. तरीही तेथील रुग्ण पुन्हा रुग्णालयात दाखल होतात. मग आपल्याकडे, जेथे रात्री फोन उचलणारे कोणी नसते, तेथे हे घडले तर नवल नाही.

हॉस्पिस हा शब्द आपल्याकडे अजून भीती उत्पन्न करतो. मरणाची वाट पाहण्याची जागा, अशी त्याविषयी समजूत. वस्तुतः १९६७ साली लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स या परिचारिका-डॉक्टर बाईंनी सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था काढली, ती असाध्य रुग्णाच्या वेदना आटोक्यात ठेवून त्याला उरलेले दिवस माणसासारखे जगता यावेत यासाठी. भारतातील पहिली अशी संस्था महाराष्ट्रातच निघाली. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली डॉ. डिसोझा यांच्या प्रयत्नाने शांती अवेदना सदन उभे राहिले. पुढे गोव्यातही त्याची शाखा झाली. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला फाउंडेशनचे उपशामक सेवा व प्रशिक्षण केंद्र चालते. तेथे रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत, हे अनेकांना ठाऊक आहे. तेथे रुग्णाबरोबर घरचे एक माणूस राहते आणि अंग कसे पुसावे, कूस कशी बदलावी, औषधाचे वेळापत्रक कसे सांभाळावे, जखम कशी धुवावी हे त्या माणसाला शिकविले जाते, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच माहीत असते. रुग्णाला कायमचे ठेवून घेणे हा त्या जागेचा उद्देशच नाही. त्रास आटोक्यात आणायचा, घरच्या माणसाचा हात बसवायचा आणि दोघांना घरी पाठवायचे, अशी तेथील रीत आहे. केंद्राची पथके घरीही जातात.

वारजे शहराच्या पश्चिम टोकाला आणि मांजरी पूर्व टोकाला. मधले सगळे पुणे ओलांडून जावे लागते. म्हणून मांजरीतील कुटुंबाने या केंद्राचा विचार अगदी शेवटच्या आठवड्यात करण्यात अर्थ नाही. रोगनिदान झाल्यावर, रुग्ण हिंडता-फिरता असतानाच एकदा जाऊन यावे हे शहाणपणाचे. उपशामक सेवा म्हणजे उपचार थांबविणे, हा समज तर शास्त्रानेही खोडून काढला आहे. २०१० साली बोस्टन येथे फुफ्फुसाचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर आरंभापासून उपशामक सेवा मिळाली. त्यांना अखेरच्या काळात आक्रमक उपचार कमी झाले. तरीही त्यांच्या आयुर्मानाचा मध्यक ११.६ महिने भरला, तर इतरांचा ८.९ महिने.

आता त्या रात्री दोनच्या रुग्णवाहिकेकडे वळू. ती कशी येते हे एका नमुन्यावरून पाहता येईल. समजा, पंचाहत्तरीचे एक गृहस्थ आहेत. आयुष्यभर भुसार मालाचा व्यापार केला. कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला आहे. सोमवारी त्यांना घरी आणले. दुखण्यावर ट्रॅमाडॉलच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. त्या गोळ्यांनी दुखणे काहीसे कमी होते. पण पोट बांधले जाते, ही गोष्ट कोणी सांगितलेली नाही आणि रेचक लिहून दिलेले नाही. मंगळवार, बुधवार शौचास झाले नाही. घरात सर्वांना वाटले, खाणेच किती जाते, मग होणार कोठून? गुरुवारी पोट फुगले, आणि कोंडलेल्या मळाच्या दाबाने लघवीही अडली. संध्याकाळपासून गृहस्थ अस्वस्थ झाले. अंगावरचे पांघरूण ओढू लागले, मुलाला वडिलांच्या नावाने हाक मारू लागले, पलंगावरून उतरून दुकानाचे कुलूप पाहून येतो म्हणू लागले. घरच्यांना वाटले, डोक्यात काही झाले. रात्री दीड वाजता १०८ क्रमांक लावला. या सेवेचे काम रुग्णाला रुग्णालयात पोहोचविण्याचे. घरी थांबून पोट तपासण्याचे नव्हे. रुग्णालयात तातडीच्या विभागातील तरुण डॉक्टरांपुढे रुग्ण बरळतो आहे, वय मोठे आहे, कर्करोग आहे. ते मेंदूचे स्कॅनिंग सांगतात, सलाईन लावतात, हात बांधून ठेवतात. लघवीची नळी घातल्यावर पाऊण लिटर लघवी निघते आणि गृहस्थ शांत होतात. पण तोपर्यंत अतिदक्षता विभागात नाव लागलेले असते. चार दिवसांनी ते घरी येतात ते अधिक थकून. आणि कार्डावर रेचक बहुधा याही वेळी नसते.

हा सगळा फेरा एरंडेलाच्या दर्जाच्या साध्या औषधाने टळला असता, असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल. पण अफूच्या वर्गातील कोणतेही वेदनाशामक सुरू करताना त्याच दिवशी रेचकही सुरू करावे, हा उपशामक वैद्यकातील अगदी पहिला पाठ आहे. रात्री उद्भवणारी बहुतेक संकटे अशीच असतात. ती अचानक कोसळत नाहीत. दोन-तीन दिवस आधी चाहूल देतात. वेदना वाढत जाते, धाप लागू लागते, पाठीवर लाल चट्टा उमटतो, नळी तुंबते, घास घशात अडकू लागतो. दिवसा कोणी जाणते माणूस पाहून गेले असते, तर त्यांतील पुष्कळ गोष्टी दिवसाच मिटल्या असत्या. घरी येऊन सेवा देण्याच्या पद्धतीवरील २३ अभ्यासांचा, म्हणजे सुमारे ३७ हजार रुग्णांच्या माहितीचा, एकत्रित आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. अशी सेवा मिळालेल्या रुग्णाला अखेरचा श्वास स्वतःच्या घरी घेता येण्याची शक्यता दुपटीहून अधिक वाढते आणि त्याचा त्रासही कमी होतो, असे त्यात आढळले. खर्च खात्रीने कमी होतो की नाही, याविषयी मात्र आढावा घेणाऱ्यांनी ठाम विधान केले नाही. व्यापारी वाचकांसाठी हेही नोंदवून ठेवलेले बरे.

वेदनेच्या बाबतीत मॉर्फीनचे नाव काढताच घरात कुजबुज सुरू होते. ‘सवय लागेल’, ‘यानंतर काहीच उरत नाही’, ‘याने लवकर जातील’. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत योग्य मात्रेने, हळूहळू वाढवीत दिलेले तोंडाने घ्यायचे मॉर्फीन आयुष्य कमी करीत नाही. वेदना थांबल्यावर रुग्ण झोपतो, तो कित्येक रात्रींची झोप भरून काढीत असतो. हे औषध महागही नाही. ज्यांचे सोयरे मंदसौर, नीमच, चित्तौडगड भागांत आहेत, त्यांनी त्या मुलखातील सरकारी परवान्याची अफूची शेती पाहिली असेल. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी अफू कारखानेही आहेत. आपल्या देशात पिकणाऱ्या अफूचे औषध आपल्याच रुग्णाला दुर्मीळ व्हावे, हा विचित्र योग १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने जुळून आला. एकेका संस्थेला मॉर्फीन ठेवण्यासाठी अनेक परवाने घ्यावे लागत, म्हणून बहुतेकांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकाच अधिकाऱ्याच्या मान्यतेवर हे औषध ठेवता येऊ लागले. तरी गल्लीतल्या औषधाच्या दुकानात ते मिळत नाही. मान्यताप्राप्त केंद्रातून, डॉक्टरांच्या सहीने, मोजून मिळते. त्यामुळे गोळ्या संपण्याच्या चार दिवस आधी नव्या आणण्याची व्यवस्था करणे हे घरातील एका माणसाचे नेमून दिलेले काम असले पाहिजे. शनिवारी संध्याकाळी डबी रिकामी झाली की रविवारी रात्री रुग्णवाहिका ठरलेलीच.

जैन घरांत येथे आणखी एक अडचण उभी राहते, आणि डॉक्टरांना ती सांगितली जात नाही. साध्या मॉर्फीनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. म्हणून ते दर चार तासांनी द्यावे लागते. ज्यांचा सूर्यास्तानंतर चौविहाराचा नियम आहे, ते आजी-आजोबा संध्याकाळनंतर गोळी तोंडात घेत नाहीत. घरचे आग्रह करीत नाहीत. पहाटेपर्यंत वेदना असह्य होते आणि रुग्णालय गाठावे लागते. रुग्णालयाच्या नोंदीत लिहिले जाते, ‘औषध नियमित घेतले नाही.’ नियमात आजारपणाची सवलत किती, हा ज्याचा त्याने गुरूंना विचारून ठरविण्याचा विषय आहे. पण वैद्यकाकडे यावर उपाय आहेत, आणि ते मागितल्याशिवाय पुढे येत नाहीत. बारा तास परिणाम टिकणारी मॉर्फीनची गोळी मिळते. ती सकाळ-संध्याकाळ दिवसाउजेडी घेता येते. मात्र ती कुटून किंवा चावून घ्यायची नाही, नाहीतर बारा तासांचे औषध एकदम अंगात जाईल. फेंटानिलची त्वचेवर चिकटविण्याची पट्टी तीन दिवस चालते. तिचा परिणाम सुरू होण्यास वेळ लागतो, म्हणून ती वेदना आधी आटोक्यात आल्यावर लावतात. शेवटच्या दिवसांत गिळणे थांबले की त्वचेखाली बारीक सुईने औषध देता येते, आणि ते घरीही शिकून घेता येते. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते, या कारणाने औषध टाळणारेही असतात. त्याच औषधाची गोळी किंवा द्रवरूप पुष्कळदा उपलब्ध असते. या गोष्टी पहिल्या भेटीतच डॉक्टरांना स्पष्ट सांगाव्यात. त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

अन्नाचा विषय त्याहून नाजूक. आजारी माणूस जेवत नाही, हे भारतीय घरात कोणालाच सोसत नाही. सुना-मुली पेज, वरणाचे पाणी, सरबत घेऊन उभ्या राहतात. नातेवाईक फोनवर ‘सलाईन तरी लावा’ म्हणतात. अखेरच्या आठवड्यांत शरीराची भूकच मंदावते. न खाल्ल्यामुळे माणूस जातो असे नसून, जाण्याची प्रक्रिया सुरू झाल्यामुळे खाणे सुटते. तेव्हा बळेच भरविलेला घास श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो, आणि पुन्हा रुग्णालय. सलाईनने अंगावर सूज आणि छातीत कफ वाढतो. ओठ-जीभ ओल्या कापसाने वारंवार ओलावत राहणे, हीच त्या वेळची खरी शुश्रूषा.

येथे संथाऱ्याचा उल्लेख टाळता येत नाही. कारण दोन भिन्न गोष्टींची गल्लत डॉक्टर आणि नातेवाईक दोघेही करतात. संथारा किंवा सल्लेखना हे जागृत अवस्थेत, स्वेच्छेने, गुरूंच्या अनुज्ञेने घेतलेले व्रत आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी त्यास दंडनीय ठरविले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली, हा इतिहास वाचकांच्या स्मरणात आहे. रोगाने भूक मंदावणे हे व्रत नव्हे. उपशामक सेवाही कोणाचे अन्न-पाणी तोडीत नाही. शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या वतीने मुलांनी व्रताची भाषा बोलणे जितके अनुचित, तितकेच अन्न सुटलेल्या रुग्णाला ‘उपाशी ठेवले’ म्हणून डॉक्टरांनी घरच्यांना दोष देणेही.

पैशाचा मुद्दा व्यापारी कुटुंबात उघडपणे बोलला जावा. बहुतेक मेडिक्लेमच्या अटींत रुग्णालयात किमान २४ तास दाखल असणे आवश्यक असते. अतिदक्षता विभागाचे लाखाचे बिल विमा कंपनी भरते. घरी येणारी परिचारिका, भाड्याने आणलेला पलंग, हवेची गादी, ऑक्सिजनचे यंत्र, ब्युरोकडून येणाऱ्या मावशी किंवा मामा यांचे पैसे मात्र खिशातून जातात. या हिशेबामुळे काटकसरी कुटुंबही नकळत महागड्या मार्गाकडे ढकलले जाते. ‘विमा आहेच, दाखल करू’, हे वाक्य प्रेमापोटी उच्चारले जाते. पण त्यामागचे गणित पॉलिसीने घालून दिलेले असते.

ब्युरोच्या मावशींविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. त्या बारा तासांसाठी येतात, पुष्कळदा रोज निराळ्या. रुग्णाची सवय, औषधांच्या वेळा, कोणत्या कुशीवर त्रास होतो, हे नव्या माणसाला कोण सांगणार? घरातील सून. म्हणजे मावशी आल्या तरी सुनेची सुटका नाही. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नेटाने केलेल्या शुश्रूषेने काय साधते, याचा दाखला मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. अरुणा शानभाग १९७३ च्या हल्ल्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या सहकारी परिचारिकांनी त्यांच्या अंगावर जखम होऊ दिली नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयापुढील वैद्यकीय अहवालात घेतली गेली. पण तेथे पाळ्या बदलणाऱ्या परिचारिका होत्या. घरात एकच सून असते, आणि चौथ्या आठवड्यात ती स्वतःच कोलमडते. कित्येकदा रुग्ण पुन्हा दाखल होतो त्याचे खरे कारण रुग्णाच्या प्रकृतीत नसते, सेवा करणाऱ्या बाईच्या थकव्यात असते. केसपेपरवर ते कधी लिहिले जात नाही. अमेरिकेच्या योजनेत केवळ घरच्या माणसाला विसावा मिळावा म्हणून रुग्णाला पाच दिवसांपर्यंत ठेवून घेण्याची तरतूद आहे. आपल्याकडे ती कागदावर नसली, तरी मोठ्या कुटुंबात ती करता येते. मुंबई-बंगळूरच्या मुलांनी रोज दोनदा फोन करण्याऐवजी आळीपाळीने चार दिवस येऊन रात्रपाळी केली, तर त्याहून मोठी मदत नाही.

आणखी एक भीती अशी की तिच्याविषयी कोणी बोलत नाही, पण शेवटच्या तासांतील धावपळीचे ते मोठे कारण असते. घरी मृत्यू झाला तर दाखला कोण देणार? स्मशानभूमीत वैद्यकीय दाखला विचारला जातो. अखेरच्या आजारात तपासणारा डॉक्टर नसेल, तर अनोळखी डॉक्टर सही करण्यास नकार देतात. रुग्णालयात मृतावस्थेत नेले तर पोलिसांना कळविणे, शवविच्छेदन असे शब्द कानी पडतात. तो प्रसंग टाळण्यासाठी श्वास चालू असतानाच पळापळ होते. वास्तविक जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात याची सोय आहे. अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा दाखला शुल्क न घेता द्यावयाचा असतो. घरी झालेल्या मृत्यूसाठी ‘४ अ’ हा वेगळा नमुना आहे, आणि नोंदणीसाठी २१ दिवसांची मुदत. याचा व्यवहारातील अर्थ एवढाच की परिसरातील एका विश्वासू फॅमिली डॉक्टरांना आधीच भेटून रुग्णाची कागदपत्रे दाखवावीत, त्यांनी आठवड्या-पंधरवड्याने घरी येऊन पाहावे, आणि ‘वेळ आली तर तुम्ही दाखला द्याल ना?’ हा प्रश्न स्पष्ट विचारून घ्यावा. विचारणे अवघड आहे. रात्री दोन वाजता विचारणे अधिक अवघड.

कायद्याचा दुसरा आधारही आता हाताशी आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असाध्य अवस्थेत कृत्रिम जीवनाधार नको, असे आगाऊ लिहून ठेवण्याचा प्रत्येकाचा हक्क मान्य केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही केली की दस्तऐवज पूर्ण होतो. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातील न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र करून उदाहरण घालून दिले. दुकान, गोदाम, दागिने यांचे मृत्युपत्र करणाऱ्या घरांत व्हेंटिलेटरविषयीची इच्छा मात्र कोणी विचारलेली नसते. मग चार भावांपैकी परदेशातून त्या दिवशी पोहोचलेला भाऊ ‘सगळे करा’ म्हणतो, आणि त्याला नाही म्हणण्याचा अधिकार कोणाकडेच नसतो.

याचा अर्थ पुन्हा दाखल होणे हा दरवेळी पराभवच, असे मात्र नव्हे. कर्करोगाच्या रुग्णाच्या पायांतील शक्ती अचानक गेली, तर मणक्यावर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात नेले तर पाय वाचण्याची शक्यता असते. छातीत साठलेले पाणी काढल्याने धाप कमी होते. खुब्याचे हाड मोडले तर ते बसविल्याशिवाय वेदना थांबत नाही. अशा वेळी ‘आता घरीच राहू द्या’ म्हणत बसणे ही निष्ठुरता होईल. दाखल करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: तेथे असे काय होणार आहे जे येथे होणार नाही, आणि त्याने रुग्णाला बरे वाटेल काय? उत्तर देता येत नसेल, तर सकाळपर्यंत थांबण्यास हरकत नसते. पण थांबण्यासाठी घरात वेदना, धाप आणि अस्वस्थता यांवरची तीन-चार औषधे, त्यांच्या मात्रा आणि रात्री उचलला जाणारा एक दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद असावा लागतो. तो डिस्चार्जच्या दिवशी मागून घ्यावा.

असा क्रमांक कोण देणार, याचे उत्तर केरळने दिले आहे. १९९३ साली कालिकतला डॉ. राजगोपाल व डॉ. सुरेश कुमार यांनी काम सुरू केले. २००१ पासून मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जाळे विणले गेले. शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, गृहिणी यांनी प्रशिक्षण घ्यायचे आणि आठवड्यातून किमान दोन तास आसपासच्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी द्यायचे; परिचारिका आणि डॉक्टर त्यांच्या पाठीशी. पैसा लहान देणग्यांतून उभा राहिला. २००८ साली राज्य सरकारने धोरण जाहीर केले आणि पुढे ग्रामपंचायतींनी घरी जाणाऱ्या परिचारिका नेमल्या. महाराष्ट्रानेही २०१२ साली उपशामक सेवेचे धोरण केले. केंद्राच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, म्हणजे पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या, सेवांतही ती समाविष्ट आहे. मांजरीच्या रस्त्यांवर तिचा प्रत्यय यायचा आहे.

आपल्या समाजात दानाला तोटा नाही. गावोगावी संघाची, ट्रस्टची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आहेत. चाकाची खुर्ची, पलंग, हवेची गादी, वॉकर नाममात्र अनामतीवर मिळतात. वैयावृत्त्याला तर शास्त्रात तपाचे स्थान आहे. उणीव आहे ती सकाळी दहा वाजता बेल वाजवून आत येणाऱ्या, पोट तपासून रेचक वाढविणाऱ्या, पाठ उलटवून पाहणाऱ्या आणि सुनेला ‘तुम्ही काल झोपलात का?’ विचारणाऱ्या परिचारिकेची. तिचा मासिक पगार, एक दुचाकी, मॉर्फीनसाठी मान्यताप्राप्त संस्थेशी करार आणि आळीपाळीने रात्रीचा फोन उचलणारे तीन डॉक्टर, एवढे जमले तर मांजरी, शेवाळवाडी, महादेवनगर आणि हडपसरची एक बाजू मिळून एक पथक उभे राहू शकते. एका नव्या शस्त्रक्रियागृहाच्या कोनशिलेवर नाव कोरण्यास जितका निधी लागतो, त्याच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहे. अडचण इतकीच की परिचारिकेच्या दुचाकीवर देणगीदाराचा फलक फार मोठा लावता येत नाही.